शिकवणं थांबल्यावर शिक्षक मनातलं लिहून का ठेवतात?

तुम्ही विचारलं आहे की वर्ग सुटला, परीक्षा संपल्या, तरी माजी शिक्षक वह्या का भरत बसतात आणि त्याचा कुणाला काही उपयोग असतो का. मीही माजी शिक्षिका आहे आणि लिहिते. कारणं दोन-तीन आहेत, पण पहिलं बाकीच्यांपेक्षा फार मोठं आहे.

मुलं नेमकी कुठे आणि का चुकतात, ही माहिती पाठ्यपुस्तकात नसते आणि पाठाच्या तयारीच्या टाचणवहीतही नसते. ती शिक्षकाच्या डोक्यात असते. विषय येणं वेगळं आणि तो शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठे अडकतो हे कळणं वेगळं. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाची स्वतंत्र मांडणी केली. वर्गावर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या कुणाकडेही हे ज्ञान असतं, त्याचं नाव माहीत नसलं तरी.

साधं उदाहरण घ्या. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ही चूक लगेच दिसते. पण काही मुलांनी उलटा नियम धरलेला असतो: दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त, तितकी संख्या लहान. त्यांचं उत्तर ०.४ येतं, म्हणजे बरोबर, आणि शिक्षक खूश होऊन पुढे जातो. त्याच मुलांना ०.३५ आणि ०.२ द्या, मग खरा प्रकार कळतो. कोणत्या दोन संख्या एकापाठोपाठ विचारायच्या, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

किंवा ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ लिहिणारी मुलं बेरजेत कच्ची नसतात. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा त्यांनी अर्थ लावलेला असतो, कारण तोवरच्या जवळपास प्रत्येक गणितात ते चिन्ह उत्तराच्या अगदी आधीच आलेलं असतं. भूगोलातही असंच. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, हे उत्तर मोठ्या वर्गांतही मिळतं. खरं तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. हे सांगून भागत नाही, कारण तिरप्या कोनातून काढलेली कक्षेची लांबट आकृती डोक्यात पक्की बसलेली असते. कक्षा जवळजवळ गोल आहे हे आधी फळ्यावर काढून दाखवावं लागतं, ऋतू ज्यामुळे होतात ते अक्षाचं कलणं त्यानंतर.

म्हणून अशी नोंद करताना मी पाच गोष्टी बघते: मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत, त्यामागचा त्याचा तर्क, तो तर्क कोणत्या प्रश्नाने बाहेर आला, काय केल्यावर गाठ सुटली, आणि काय करूनही सुटली नाही. शेवटचं जवळजवळ कुणीच लिहीत नाही. नव्या शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ मात्र त्यानेच वाचतो.

दुसरं कारण आठवणीचं. तोच धडा दरवर्षी शिकवला की सगळे तास एकमेकांत मिसळतात आणि मागे उरतो एक सरासरी, नीटनेटका तास, जो तसा कधी झालेलाच नसतो. आठवताना माणूस गोष्ट नव्याने रचतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं. यावर उपाय म्हणजे लवकर लिहायचं आणि ‘हे स्पष्ट आठवतं’ व ‘हे असं झालं असावं’ यांत फरक ठेवायचा. मी दुसऱ्या प्रकारच्या वाक्यापुढे समासात प्रश्नचिन्ह करते. कोरं पान समोर घेऊन ‘शिक्षणाबद्दल माझे विचार’ असा मथळा दिलात तर हमखास भाषण बाहेर पडतं. त्याऐवजी जुन्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उघडा आणि एका बैठकीत एकच धडा घ्या. वीस मिनिटं, फार तर दोन पानं. जुन्या प्रश्नपत्रिकाही चांगल्या. प्रश्न वाचला की त्यावरची चुकीची उत्तरं आपोआप आठवतात.

मन मोकळं होतं, हेही कारण लोक सांगतात. ते खोटं नाही, पण जपून. मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं क्लेशकारक अनुभवांवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेचच्या काळात उलट जास्त वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम लहान आणि कमीजास्त दिसला. तेव्हा वरिष्ठांशी झालेलं भांडण, एखाद्या मुलाला विनाकारण बोललेलं, असलं काही लिहायला घेतलंत तर त्या दिवशी हलकं वाटेलच अशी अपेक्षा नको. तोच राग महिनोन्‌महिने त्याच शब्दांत उतरत असेल तर लिहिणं थांबवून कुणाशी तरी बोललेलं बरं.

धड्यांच्या नोंदी आणि मन मोकळं करणं, या दोन प्रकारच्या लिखाणासाठी पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या वह्या ठेवा. एकाच वहीत दोन्ही गेलं की ती वही कुणालाच देता येत नाही. देण्याच्या वहीत मुलांची नावं नकोतच, पण नाव बदलून काम भागतं हा समज चुकीचा आहे. वर्ष, तुकडी आणि पालकांचा व्यवसाय एवढ्यावरून मूल ओळखता येतं. चूक ठेवा, मूल वगळा.

लिखाण बिघडतं ते बहुतेक उपदेशाने. माझी चाळणी सोपी आहे: कधीच न शिकवलेल्या माणसालाही जे वाक्य लिहिता आलं असतं, ते खोडायचं. ‘मुलांना समजून घ्यावं’ जातं. ‘अपूर्णांकांची बेरीज शिकवताना १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, तर आधी विचारा की २/५ हे निम्म्यापेक्षा कमी की जास्त’ राहतं. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्यं तर बघायचीही गरज नाही.

वहीची डावी बाजू कोरी सोडा. मत बदललं की जुनं खोडू नका. समोर तारीख घालून नवं लिहा, कारण मत कशामुळे बदललं तेच पुढे कामाचं ठरतं. पानांना क्रमांक द्या आणि शेवटच्या चार पानांवर विषयवार सूची करत जा, कारण तारखेवरून कुणी काही शोधत नाही. महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून दुसरीकडे ठेवा. आणि देताना अख्खा गठ्ठा देऊ नका. उद्या दशांश अपूर्णांक शिकवणाऱ्याला दशांशांची तीन पानं द्या, तेवढी तो आज रात्री वाचेल.