पारंपरिक कारागीर ठरलेल्या साच्यातून बाहेर पडून नवं डिझाइन कसं सुचवतात?

‘वेगळा विचार करायचा’ असं ठरवून बहुतेक वेळा काहीच सुचत नाही. एखादी अट बदलली की हात आपोआप नवी वाट शोधतो.

वारली चित्रकला बघा. पालघर-डहाणू भागात लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायच्या (हो, ‘लिहायच्या’). मधे पालघट देवी, तिचं स्थान ठरलेलं. विधीच तो, तिथे कोण कशाला बदल करेल? १९७०च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे अशी चित्रं कागदावर आणि कापडावर काढू लागले. एक तर ते पुरुष, त्यात लग्नाचा प्रसंग नाही. चौकाची सक्ती सुटली आणि मासेमारीचं जाळं अख्ख्या चित्रभर पसरलं. पण त्रिकोण, वर्तुळ, रेघ ही भाषा त्यांनी सोडली नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: सगळं एकदम बदललं असतं तर ते वारली उरलंच नसतं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सावंतवाडीतही तेच. गंजिफा या जुन्या खेळाच्या गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांवरचे दशावतार आता डब्यांवर, पाटांवर दिसतात. चित्र जुनंच, पण चौकोनी झाकणावर कोपरे रिकामे राहतात, तिथली वेलबुट्टी नव्यानेच बसवावी लागते.

तुम्ही स्वतः कारागीर असाल तर नेहमीचाच नमुना घ्या आणि फक्त आकार किंवा पृष्ठभाग बदलून पाहा. पहिले चार-पाच बिघडतील, बिघडू द्या.