मी लावल्याबरोबर घोड्याचा भाव उलटा फिरला. ही हेराफेरी असू शकते का?

तुम्ही लिहिलंय ते असं: घोडा 6.0 वर होता (म्हणजे 100 लावून जिंकलात तर 600 हातात), शर्यतीला दोन-तीन मिनिटं असताना त्याच्यावर मोठमोठ्या रकमा दिसायला लागल्या, भाव 5.4 वर आला, तुम्ही घाईने लावलं, आणि रकमा गायब होऊन भाव पुन्हा 6.0. कोणी मुद्दाम केलं का? असू शकतं. तुम्हाला हेरून केलं का? नाही. एक्सचेंजवर, म्हणजे जिथे लोक बुकीशी नव्हे तर एकमेकांशी पैजा लावतात तिथे, समोरच्याला तुमचं नाव दिसत नाही, फक्त रक्कम दिसते.

मी स्वतः लावतो कमी, भावांच्या नोंदी जास्त ठेवतो, आणि हा प्रकार ओळखीचा आहे. पडद्यावर दिसणारी रक्कम म्हणजे लागलेला पैसा नव्हे. ती नुसती मागणी असते, कोणी घेतली नाही तोवर कधीही मागे घेता येते. समजा एकाने 5.5 ला लावायची प्रचंड मागणी टाकली. बाकीच्यांना वाटतं, आतली बातमी दिसतेय. ते रांगेत पुढे घुसायला 5.4 ला लावतात. तिथे खायला, म्हणजे घोडा हरेल असं धरून त्यांची पैज घ्यायला, तोच माणूस बसलेला असतो. त्याने 5.4 ला 100 खाल्ले, मोठी मागणी उचलली, आणि भाव 6.0 वर गेल्यावर 90 लावले. घोडा जिंकला तर 440 गेले, 450 आले. हरला तर 100 राहिले, 90 गेले. काहीही होवो, कमिशन सोडून 10 खिशात. घोड्याशी त्याला घेणं-देणंच नाही.

पण प्रत्येक उडी म्हणजे डाव नव्हे. एखादा घोडा ऐनवेळी मागे घेतला की उरलेल्यांचे भाव उतरतात. कोणी खरोखरच मोठी रक्कम लावली आणि बाजार पातळ असला तरी तसंच होतं. आणि कधी नुसता बॉट, म्हणजे आपोआप सौदे टाकणारा प्रोग्राम, बिघडतो. 28 डिसेंबर 2011 ला आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउनला व्होले ला व्हेदेत ही घोडी आरामात जिंकत असताना बेटफेअर या एक्सचेंजवर तिच्यासाठी 29 चा भाव झळकत होता, तोही तब्बल 2.1 कोटी पौंडांच्या रकमेसह. खाणाऱ्याच्या खात्यात हजार पौंडही नव्हते! कंपनीने तांत्रिक चूक म्हणून धावत्या शर्यतीतले ते सौदे रद्द केले. ज्यांनी 29 ला लावलं होतं त्यांचा संताप मला तरी रास्त वाटतो.

भावाशी खेळणं ऑनलाइनच्या आधीपासूनचं आहे. 1975 साली आयर्लंडमध्येच बेलुजटाउनच्या शर्यतीला बार्नी कर्ली या जुगाऱ्याच्या माणसाने मैदानावरचा एकुलता एक सार्वजनिक फोन अडवून ठेवला. बेटिंगच्या दुकानांत त्याच्या यलो सॅम या घोड्यावर पैसा ओतला जात होता, पण ती खबर मैदानावरच्या बुकींपर्यंत पोचलीच नाही. भाव 20/1 वरच (एकाला वीस) राहिला आणि घोडा जिंकला.

उलट बाजूही सांगतो. अर्थतज्ज्ञ कॉलिन कॅमरर यांनी टोटवर (जिथे सगळ्यांचा पैसा एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटतात) मुद्दाम 500 आणि 1000 डॉलर लावून शर्यतीआधी ते रद्द करून पाहिले. 1998 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की भावावर टिकाऊ परिणाम जवळजवळ शून्य. लोक सहसा फसले नाहीत. एक्सचेंजवर मात्र डाव टाकणाऱ्याला भाव टिकवायचाच नसतो. काही सेकंद पुरतात, म्हणून मी त्या निष्कर्षावर फार विसंबत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दिसणारी रक्कम सोडा आणि मॅच झालेली, म्हणजे समोरच्याने खरोखर घेतलेली रक्कम बघा. भाव 6.0 वरून 5.4 झाला आणि मधल्या प्रत्येक पायरीवर खरा पैसा मॅच झालाय, तर ती हालचाल खरी मानायला जागा आहे. नुसती मागणी फुगली आणि मॅच झालेला आकडा जागचा हलला नाही, तर हात आखडता घ्या. मोठी रक्कम नेहमी भावाच्या एक-दोन पायऱ्या मागे उभी असेल आणि भाव जवळ आला की सरकत असेल, तर मला शंभरातले नव्वद वेळा संशय येतो.

तक्रार करायची असेल तर नुसतं 'भाव फिरला' लिहू नका. शर्यतीची वेळ, घोड्याचं नाव, सौद्याचा क्रमांक आणि रकमा दिसत असतानाचे व गायब झाल्यानंतरचे स्क्रीनशॉट द्या. कोणत्या खात्याने मागणी टाकली आणि कधी उचलली, हे फक्त एक्सचेंजलाच दिसतं. तिथून गुळमुळीत उत्तर आलं तर त्यांना परवाना देणाऱ्या नियामकाकडे जा. पैसे परत मिळतील ही आशा मात्र ठेवू नका, कारण 5.4 ला तुम्ही स्वतः होकार दिला होता.