लाल डबे, निळे डबे आणि माझा शंभर डॉलरचा शहाणपणा

मागच्या अंकात अडगळीतल्या यंत्रांबद्दल प्रश्न मागवले होते. कॅसेट, व्हीसीआर, रीळवाले कॅमेरे यांच्यावर पत्रं येतील असा अंदाज होता आणि ती आलीही. पण पाच पत्रं निघाली एचडी डीव्हीडीवर, म्हणजे निळ्या डब्यांतल्या ब्लू-रेशी झुंजून हरलेल्या, लाल डब्यांतल्या चित्रपटांच्या डिस्कवर. ही माझी दुखरी नस आहे हे वाचकांना कसं कळलं कोण जाणे. या वेळी ती पाचच घेतो, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मुलाच्या जुन्या सामानात लाल प्लॅस्टिकच्या डब्यांत चौदा चित्रपटांच्या डिस्क सापडल्या. वर 'एचडी डीव्हीडी' असं छापलंय. ब्लू-रे प्लेयरमध्ये घातली की तो थोडा वेळ घरघर करतो आणि डिस्क बाहेर टाकतो. साधा डीव्हीडी प्लेयरही घेत नाही. मुलगा म्हणतो, ब्लू-रे काय आणि ही काय, दोन्हींत निळाच लेझर. मग अडतं कुठे?

मुलगा बरोबर सांगतोय, फक्त अर्धंच सांगतोय. लेझर दोघांचा एकच, ४०५ नॅनोमीटरचा. (म्हणायचा निळा, प्रत्यक्षात जांभळट.) डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. निब जितकी बारीक तितकं अक्षर बारीक लिहिता येतं, तसाच हा प्रकार. लाल लेझरवर डिस्कच्या एका थरात ४.७ जीबी मावत होते. निळ्यावर एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५ मावायला लागले. दोन थर दिले की अनुक्रमे ३० आणि ५०.

आता लेझर एकच असताना १५ आणि २५ असा फरक का, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. एक डिस्क हातात घ्या आणि कडेने बघा. जाडी १.२ मिलिमीटर. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि मजकूर त्यांच्या मधोमध. तोशिबा आणि एनईसी यांनी एचडी डीव्हीडीसाठी हीच रचना ठेवली. कारण व्यवहारी होतं : डीव्हीडी छापणारे कारखाने जगभर उभे होतेच, थोड्या फेरफारात तेच चालणार होते. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे मंडळींनी मात्र मजकूर वर आणला, पृष्ठभागाच्या खाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. भिंग इतकं जवळ आणता आलं की प्रकाशाचा ठिपका आणखी बारीक झाला आणि अक्षरंही. बदल्यात कारखान्यात नवी यंत्रं आली, आणि ओरखड्याची भीती आली. २००३ साली जपानमध्ये सोनीचा पहिला ब्लू-रे रेकॉर्डर निघाला तेव्हा त्याची डिस्क चक्क फ्लॉपीसारखी बंद कव्हरात होती. पुढे वरून कडक लेप द्यायची युक्ती सापडली आणि ते कव्हर गेलं.

म्हणजे तुमचा ब्लू-रे प्लेयर वाचायचा चष्मा लावून लांबची पाटी वाचायला निघालाय. तो मजकूर ०.१ वर शोधतो, मजकूर सहापट खोल आहे. शिवाय लिहिण्याची पद्धतही वेगळी. त्याने डिस्क बाहेर टाकली यात त्याचा काही दोष नाही.

प्रश्न : एचडी डीव्हीडीचा प्लेयर सुरुवातीला ४९९ डॉलरला होता आणि दीड वर्षात शंभराच्या आत आला असं वाचलं. तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने स्वस्त होतं का?

नाही हो. तंत्रज्ञान स्वस्त होतं, पण ते जिना उतरतं तसं पायरी-पायरीने. हे गच्चीवरून उडी मारल्यासारखं होतं.

एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा एचडी-ए१ अमेरिकेत आला तो ४९९ डॉलरला. त्याचं झाकण उघडलेल्यांना आत जवळजवळ अख्खा पीसी दिसला, पेंटियम ४ प्रोसेसरसकट. सुट्या भागांचा हिशेब करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की या पाचशेच्या डब्यात साडेसहाशेहून जास्त डॉलरचे भाग आहेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्लेयरमागे खिशातून पैसे घालणं चालू होतं. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला, किंमत ९९९ डॉलर. त्या छावणीत बनवणारे अनेक होते आणि प्रत्येकाला आपापल्या प्लेयरवर चार पैसे कमवायचे होते. इकडे बनवणारी मुख्यतः एकटी तोशिबाच, तिला आधी घराघरांत शिरायचं होतं.

२ नोव्हेंबर २००७. तेव्हा मी नोकरीनिमित्त अमेरिकेत होतो. वॉलमार्टने त्या दिवशी तोशिबाचा एचडी-ए२ लावला ९८ डॉलर ८७ सेंटला. पाठोपाठ इतर दुकानांनीही भाव पाडले. त्याच आठवड्यात मीही एका दुसऱ्या दुकानात सकाळी जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढच्या माणसाने दोन खोकी उचलली, एक स्वतःला आणि एक सासऱ्यांना म्हणाला. ते बघून माझ्यातला उरलासुरला विवेकही संपला. घरी आणून जोडला. बटण दाबल्यापासून पडद्यावर काही दिसेपर्यंत घड्याळ लावून पाहिलं, मिनिटभर गेलं. मग चित्र आलं आणि मी गप्प झालो. माणसाच्या कोटाच्या बाहीवरची वीण दिसत होती. डीव्हीडीत तिथे नुसता करडा रंग दिसायचा.

आता मेख ऐका. ए२ हे तोवर जुनं मॉडेल झालं होतं, ए३ बाजारात आलं होतं, तेव्हा काही अंशी ती साठा मोकळा करायची घाई होती. प्लेयरबरोबर पाच डिस्क पोस्टाने फुकट मिळवायचं कुपनही होतं. पण सहावी डिस्क घ्यायला गेलो तेव्हा ती पंचवीस-तीस डॉलरची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाताळपर्यंत माझ्याकडे प्लेयरच्या किमतीहून जास्त किमतीच्या डिस्क जमल्या, आणि हेच तर विकणाऱ्यांना हवं होतं. ज्याच्या कपाटात दहा लाल डबे आहेत तो निळ्याकडे कशाला वळेल?

प्रश्न : मग शंभर डॉलरचा प्लेयर जिंकायला हवा होता. हरला कसा? चित्र ब्लू-रेचं सरस होतं का?

चित्रात फरक शून्य, निदान माझ्या डोळ्यांना. वॉर्नर या चित्रपट कंपनीचे चित्रपट काही काळ दोन्ही रूपांत निघायचे. एका मित्राकडे ब्लू-रे होता, त्याच्याकडे जाऊन एकच चित्रपट दोन्हींवर लावला आणि पडद्याला नाक लावून पाहिलं. दोघांनाही १९२० बाय १०८० चंच चित्र, आकुंचनाच्या पद्धतीही त्याच. ५० जीबीचा टेंभा मिरवायला बरा, एरवी चित्रपट ३० मध्येही मजेत मावत होता.

हरला तो चित्रपटांमुळे. सोनीचं कोलंबिया, डिस्ने, फॉक्स हे स्टुडिओ फक्त ब्लू-रेवर. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीवर, आणि ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटही ब्लू-रे सोडून इकडे आलं. तेव्हा वाटलं, आता जमलं. वॉर्नर दोन्ही दगडांवर पाय ठेवून होतं. ४ जानेवारी २००८ ला त्याने एक पाय उचलला : यापुढे फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन दोन-तीन दिवसांवर होतं. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली.

दुसरं म्हणजे सोनीचं गेम खेळायचं यंत्र, प्लेस्टेशन ३. त्यात ब्लू-रे प्लेयर आतच बसवलेला, खेळण्यासाठी घेतला तरी तो घरात यायचाच. मायक्रोसॉफ्टच्या तशाच यंत्राला, एक्सबॉक्स ३६० ला, एचडी डीव्हीडी हवी असेल तर १९९ डॉलर वेगळे मोजून जोडयंत्र घ्यावं लागे. न मागता घरात आलेलं यंत्र आणि मागून आणायचं यंत्र यांच्यात शर्यत लावली तर काय होणार?

जानेवारीच्या मध्यावर तोशिबाने ए३ ची किंमत १५० डॉलरवर आणली. मी राखीव म्हणून आणखी एक घ्यावा का याचा विचार करत होतो, इतका मी वाहवलो होतो. दुकानात लाल डब्यांची फळी डोळ्यांच्या उंचीवरून गुडघ्यापर्यंत उतरली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ती पोस्टाने डिस्क पाठवायची), बेस्ट बाय, वॉलमार्ट ओळीने ब्लू-रेकडे गेले आणि १९ तारखेला तोशिबाने हात टेकले. पुढच्या वर्षी तीही ब्लू-रे प्लेयर विकायला लागली.

प्रश्न : दोन्ही चालवणारा प्लेयर निघाला नव्हता का? तो घेतला असता तर प्रश्नच मिटला असता.

निघाला होता. एलजीचा, २००७ च्या सुरुवातीला, ११९९ डॉलरला. तेवढ्यात एक प्लेस्टेशन आणि एक एचडी डीव्हीडी प्लेयर घेऊन वर डिस्कना पैसे उरले असते.

प्रश्न : माझ्याकडे प्लेयर आहे, डिस्क आहेत, सगळं चालू आहे. भंगारात देऊ का?

चालू आहे तोवर कशाला देता? हा प्लेयर साधी डीव्हीडी फार छान दाखवतो, एचडीएमआयची तार लावून बघा. माझा आजही त्याच कामाला आहे. एचडी डीव्हीडीला प्रदेशाचे संकेतांक नव्हते, त्यामुळे डिस्क कुठल्या देशातली हेही बघावं लागत नाही. पण डिस्कवर फार विसंबू नका. माझ्या अकरापैकी तीन आता ठरावीक जागी गोठतात. वर एक ओरखडा नाही, आतला थरच बिघडलाय. पुसून काही होत नाही, मी सगळं पुसून पाहिलंय.

आणि पहिल्या पत्रातल्या वाचकांसाठीही एक : त्या चौदा डिस्क नीट उलटून पाहा. काहींवर चित्र छापलेलं नसेल, दोन्ही बाजू चकचकीत आणि मधल्या भोकाभोवती मुंगीएवढी अक्षरं असतील. ती कॉम्बो डिस्क. तिच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते. 'डीव्हीडी' लिहिलेली अक्षरं वर ठेवून ती तुमच्या साध्या प्लेयरमध्ये घाला. वाचायची बाजू खाली जाते, म्हणून अक्षरं वर. पहिल्या खेपेला मी उलटीच घातली होती.