नणंदेने वही वाचली आणि घर फिरलं

प्रश्न : मावशी, आमचा साडेचार महिन्यांचा मुलगा मागच्या पावसाळ्यात झोपेतच गेला. पोस्टमॉर्टेममध्ये ठोस कारण निघालं नाही. तेव्हापासून मी एका वहीत लिहिते. ‘त्या रात्री मी त्याच्यावर चिडले होते, माझ्यामुळेच गेला’ असंही लिहिलंय. परवा वही नणंदेच्या हाती लागली. सगळ्यांसमोर वाचून म्हणाली, “घ्या, हिने स्वतःच कबूल केलंय.” नवऱ्याने ऑस्ट्रेलियातल्या कुणा बाईचा व्हिडिओ पाहिलाय, डायरीवरून पकडली गेली म्हणे. तो माझ्याशी बोलत नाही. मला पुन्हा दिवस गेलेत.

उत्तर : अगं, तुझ्या नवऱ्याने पाहिलेला व्हिडिओ जुना असणार. पुढचं त्याला तू सांग, नाहीतर हे त्याच्यापुढे ठेव.

ती कॅथलीन फोल्बिग, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याची. १९८९ ते १९९९ या काळात तिची चार मुलं एकामागून एक गेली. पहिला १९ दिवसांचा होता, शेवटची दीड वर्षाची. डायरी पोलिसांकडे नेली ती तिच्या नवऱ्यानेच. आणि त्यात तुझ्या वहीपेक्षा कितीतरी वाईट दिसणारं होतं. तिसरं मूल मुलगी होती, तिच्याबद्दल तिने लिहिलं होतं, ‘ती गेली, थोड्या मदतीने.’ वाचणाऱ्याला आणखी काय हवं? २००३ मध्ये ती तीन खून आणि एका सदोष मनुष्यवधात दोषी ठरली. ४० वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती ३० वर आली.

पुढे शास्त्रज्ञांनी तिची जनुकं तपासली. कॅल्म-२ नावाच्या जनुकात एक दुर्मिळ बदल सापडला, जो हृदयाचे ठोके अचानक बिघडवू शकतो. आईकडून तो दोन्ही मुलींत उतरला होता. मुलांपैकी एकाला फिट्स येत होत्या. २०२१ मध्ये नव्वद शास्त्रज्ञांनी तिच्या सुटकेसाठी अर्ज केला, त्यात नोबेल मिळालेलेही होते. नव्या चौकशीत मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच डायऱ्या वाचल्या. त्यांना तिथे खुनाची कबुली दिसली नाही, लेकरं गेल्याचा दोष स्वतःला देणारी खचलेली आई दिसली. ५ जून २०२३ ला तिला माफी मिळाली आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला कोर्टाने दोषसिद्धीच रद्द केली. मधली वीस वर्षं तुरुंगात गेली, ती कोण भरून देणार?

तुझ्या घरी त्या रात्री काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. पण चार महिन्यांच्या पोराच्या रडण्यावर रात्री दोन वाजता न चिडलेली आई मला अजून भेटायची आहे. नणंदबाईंनाही विचार, त्यांची पोरं लहान असताना त्या कधी चिडल्या नाहीत का!

वही परत माग, स्पष्ट शब्दांत. आणि जाळू नकोस. भीतीपोटी जाळलीस तर उद्या त्याचाही अर्थ लावतील.

नवऱ्याला एकट्याला गाठ आणि विचार, “तुला खरंच वाटतं मी केलं?” त्याचंही मूल गेलंय, गप्प बसण्यामागे तेही असेल. पण प्रश्न सासूबाईंच्या देखत नको.

आता पोटातल्या बाळाचं. पोस्टमॉर्टेमचे कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्हा दोघांचा ईसीजी काढायचा का, जनुकीय समुपदेशकाकडे जायचं का, हे नवऱ्याला शेजारी बसवून विचार. फोल्बिगबाईंत सापडलं तेच तुमच्यात असेल असं मुळीच नाही, पण विचारायला काय हरकत आहे. बाळ आलं की त्याला पाठीवर, घट्ट गादीवर झोपवायचं. राईची उशी, गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत, मग आजी काहीही म्हणोत.

रात्री फारच अंगावर आलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच आईला बोलावून घे.