वाचकांचे प्रश्न : मॉडेल व्ह्यूअरमध्ये पात्र उघडत नाही तेव्हा

प्रश्न : ‘हाफ-लाइफ’ या व्हिडिओ गेमच्या एका मॉडमधली (चाहत्यांनी बदललेल्या आवृत्तीतली) पात्रं वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन हाफ-लाइफ मॉडेल व्ह्यूअरमध्ये, म्हणजे गेममधली त्रिमितीय पात्रं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघतो. काही लगेच उघडतात, काहींना एरर येते. व्ह्यूअर बदलू का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : व्ह्यूअर राहू द्या, आधी फोल्डर बघा. १९९८च्या या गेममध्ये एक पात्र म्हणजे एकच एमडीएल (मॉडेलची) फाईल, असं नेहमी नसतं. ‘गार्ड’ नावाच्या पात्राचं टेक्स्चर (अंगावरचं रंगचित्र) ‘गार्डटी’ या दुसऱ्या फाईलमध्ये असू शकतं आणि हालचाली ‘गार्ड०१’, ‘गार्ड०२’ अशा फायलींमध्ये. व्ह्यूअर मुख्य फाईलच्या नावाला ही शेपटं जोडून बाकीच्या फायली त्याच फोल्डरमध्ये शोधतो. एखादी मिळाली नाही की एरर. म्हणून त्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली एकदमच उचला. फाईलचं नाव बदललं असेल तर सोबतच्या फायलींचंही बदला. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. उघडायची मात्र मुख्य फाईलच. ‘०१’वालीत फक्त हालचाल असते, शरीर नसतं.

तरीही उघडेना, तर मॉडेल दुसऱ्या इंजिनाचं, म्हणजे गेम चालवणाऱ्या दुसऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं असेल. २००४च्या ‘हाफ-लाइफ २’च्या फायलीही एमडीएलच, सुरुवातीची अक्षरंही तीच : आयडीएसटी. हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाचवा बाइट बघा. तिथे ०ए म्हणजे फाईलची आवृत्ती १०, तुमच्या व्ह्यूअरची. २सी म्हणजे ४४, ‘हाफ-लाइफ २’ची; तिला सोर्स या त्या गेमच्या इंजिनाचा व्ह्यूअर लागतो, आणि जोडीला व्हीव्हीडी व व्हीटीएक्स फायलीही.

प्रश्न : दशावतारातल्या राक्षसाचं पात्र ॲनिमेट करतोय. अभ्यासासाठी ‘हाफ-लाइफ’मधल्या सैनिकाची चाल लावली, तर पात्र जागच्या जागीच चालतं. फाईल बिघडली आहे का? (एक विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : नाही. मॉडेल कंपाइल करताना (गेमच्या फाईलमध्ये रूपांतरित करताना) पुढे सरकण्याची गती हालचालीतून काढून वेगळी नोंदवलेली असते. ती गेम जोडतो. चालीला लागणारा वेळ काढायला सीक्वेन्सच्या (त्या एका हालचालीच्या) फ्रेममधून १ वजा करा आणि एफपीएसने (सेकंदाला किती फ्रेम त्या आकड्याने) भागा : ३१ फ्रेम, ३० एफपीएस, म्हणजे १ सेकंद. मग ॲनिमेशन थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या आणि टाच कुठे टेकते, पाऊल कधी उचलतं ते टिपून ठेवा. डोकं आणि तोंड व्ह्यूअरमधल्या कंट्रोलरच्या स्लायडरवर (सरकपट्टीवर) हलतात. चालीत ती शोधत बसू नका. शास्त्रज्ञाच्या मॉडेलमध्ये बॉडी पार्ट बदललात तर चार वेगवेगळी डोकीही दिसतील.

सांध्यांची नक्कल मात्र करू नका. या मॉडेलमध्ये पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू आतल्या सांगाड्याच्या एकाच हाडाला बांधलेला असतो, त्यामुळे कोपर-गुडघा कडक मोडतो. तंग गणवेशात ते खपून जातं. राक्षसाच्या घोळदार वेशात निऱ्या मांडीबरोबर फळीसारख्या उचलल्या जातील. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बिंदूचा भार दोन-तीन हाडांवर वाटा आणि निऱ्यांना स्वतंत्र हाडं द्या. आणि सैनिकाची चाल राक्षसाला शोभणार नाही. रंगमंचावरचा प्रवेश बाजूने, कॅमेरा स्थिर ठेवून चित्रित करा. पाय आपटण्याची लय त्यावरूनच घ्या.

प्रश्न : असं गेममधलं मॉडेल गणपतीच्या देखाव्याच्या व्हिडिओत घातलं, तो ऑनलाइन टाकला तर चालेल? (एक मंडळ, रत्नागिरी)

उत्तर : नको. व्ह्यूअर चाहत्यांनी बनवला असला तरी मॉडेलचे हक्क गेमच्या निर्मात्यांकडेच असतात. मुक्त परवान्याचं मॉडेल घ्या, परवान्यात नाव द्यायची अट असेल तर व्हिडिओखाली ते लिहा.