चौथी ट्यूब घ्यायच्या आधी डिक्की उघडून बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली, म्हटलं हे बघ, माझंच रडगाणं कोणीतरी धुळ्यात बसून लिहिलंय. तेलकट चेहरा, तिसरं सनस्क्रीन, प्रत्येकाचं पहिले दहा-पंधरा दिवस झकास चालतं आणि मग अचानक चेहरा कढईतून काढलेल्या भज्यासारखा, डोळ्यात चुरचुर, गालावर बारीक पुरळ, आणि एवढं करून रंग काळवंडायचा तो काळवंडतोच आहे. आता चौथं कोणतं घेऊ असं तुम्ही विचारलंय. सगळे तुम्हाला नावं सांगतायत. मी एकही नाव सांगणार नाही, कारण तुमच्या शेवटच्या ओळीकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की ट्यूब स्कूटीच्या डिक्कीतच असते, म्हणजे दुपारी निघताना परत लावता येते.

तिथेच घोळ आहे बहुतेक. बहुतेक म्हणतोय कारण मी डॉक्टर नाही, ठिबकवाला आहे. जळगावला राहतो, चोपडा-यावल भागात केळीच्या बागांमध्ये ठिबकच्या नळ्या (लॅटरल), पाण्यातून खत सोडायची व्हेंच्युरी, फिल्टर बघत फिरतो. दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर मोटरसायकल, त्यातलं निम्मं भर उन्हात. तापीचा पूल ओलांडताना मे महिन्यात जी झळ लागते ती आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. ४४-४५ म्हणजे आपल्याला नॉर्मल. त्यामुळे माझं ऐका, पण तुमच्या चेहऱ्याबद्दलचा शेवटचा शब्द स्किनच्या डॉक्टरांचा.

पुरुष माणसाने सनस्क्रीन लावायचं म्हणजे आपल्याकडे आधी चेष्टा सहन करायची तयारी लागते. मी बांधावर गाडी लावून तोंडाला क्रीम चोळत होतो तर एक आजोबा म्हणाले, "काय भो, लगीन शे का तुनं?" आता काय सांगणार, दोन पोरं आहेत. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की गालाच्या हाडांवर काळपट डाग दिसतायत ते वांग आहेत (जळगावच्या माणसाला हा शब्द ऐकून आधी भरीतच आठवतं, ते सोडा), उन्हापासून जपलं नाही तर वाढत जातील. म्हणून सुरू केलं.

पहिली ट्यूब ऑनलाइन मागवली, जेल, "ऑइली स्किनसाठी", एसपीएफ ५०. दोन आठवडे मस्त. मग एक दिवस दाबली तर आधी पाण्यासारखं काहीतरी आलं, मग तेलाचा थेंब, मग दाणेदार गोळा. मी काय केलं? ट्यूब हलवली आणि लावली. दोन तासांत चेहरा चकाचक, घामाबरोबर डोळ्यात उतरलं, गाडी चालवता येईना, रस्त्याच्या कडेला थांबून डोळे धुतले. म्हटलं आपल्याला हे सूट होत नाही. दुसरी घेतली, महागातली. तेच. तिसरी मेडिकलमधून घेतली, तेच. तीन ट्यूबचे मिळून सतराशेच्या आसपास गेले आणि त्या अडीच महिन्यांत वांग आणखी गडद झाले. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

आता यात ज्यांचं नाव घेणार नाही त्या कस्टमर केअरबद्दल थोडं बोलतो, कारण अजून राग जात नाही. पहिल्या ट्यूबच्या वेळी मी रीतसर तक्रार केली. तिकीट नंबर आला. बॅच नंबरचा फोटो पाठवा, पाठवला. बिलाचा फोटो पाठवा, पाठवला. पॅच टेस्ट (आधी थोड्याशा जागेवर लावून बघणं) केली होती का, केली होती. दिवसातून किती वेळा चेहरा धुता, सोबत दुसरं काय लावता, वय किती, स्किन टाइप काय, एवढं सगळं विचारलं, एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसं. आणि चार दिवसांनी उत्तर आलं की बॅच तपासलेली आहे, प्रत्येकाच्या त्वचेनुसार अनुभव वेगळा असू शकतो, उघडलेलं प्रॉडक्ट परत घेत नाही, पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. त्या सगळ्या प्रश्नांमध्ये एकदाही, एकदाही कोणी विचारलं नाही की बाबा रे तू ही ट्यूब ठेवतोस कुठे. तो एक प्रश्न विचारला असता तर माझे पुढचे बाराशे रुपये आणि दोन महिने वाचले असते. ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून लांब. ते मी वाचलं नाही ही माझी चूक. पण समोरचा माणूस स्वतः सांगतोय की दाबल्यावर पाणी आणि तेल वेगळं येतंय, तर निदान त्यांना तरी कळायला हवं होतं ना.

कळलं कसं ते ऐका. चोपड्याकडे एका मळ्यात गेलो होतो. शेतकरी पत्र्याच्या शेडमधून फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आला, मागच्या हंगामातली, म्हणाला साहेब हे चालेल का बघा. मी त्याला आपलं नेहमीचं भाषण दिलं. असं पत्र्याखाली उन्हात ठेवतात का, औषध फाटतं, ग्लासभर पाण्यात चार थेंब टाकून बघा, दुधासारखं पांढरं झालं तर ठीक, वर तेलाचा तवंग आला तर कामातून गेलं, फुकट फवारू नका, वर पानं जळतील ती वेगळीच. टाकून बघितलं, तवंग आला. मग त्याला नोंद लिहून द्यायला पेन काढावा म्हणून मी गाडीच्या टाकीवरच्या काळ्या रेक्झिन कव्हरच्या खिशात हात घातला. पेनाला तेल लागलेलं. खिशात ट्यूब, चौथी नाही, ती तिसरीच, टोपणाच्या कडेने पिवळट तेल पाझरलेलं, आणि ट्यूब एवढी गरम की बोटाला चटका बसला. तो शेतकरी माझ्याकडे बघतोय, मी ट्यूबकडे बघतोय. काळं रेक्झिन, खाली पेट्रोलची टाकी, वर मे महिन्याचं ऊन, आणि त्यात मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती ट्यूब शिजवत होतो. लोकांना औषध उन्हात ठेवू नका म्हणून सांगत फिरणारा माणूस!

म्हणजे प्रकार असा आहे की सनस्क्रीन हे बहुतेक वेळा तेल आणि पाणी जबरदस्तीने एकत्र नांदवलेलं प्रकरण असतं. रोज तापवलं की ते फारकत घेतं. ऊन अडवणारे घटक बऱ्याचदा तेलाच्या भागात विरघळलेले असतात, त्यामुळे फाटल्यावर चेहऱ्यावर कुठे भरपूर बसतं, कुठे काहीच नाही. म्हणजे तेलकटपणा, पुरळ, चुरचुर आणि वर काळवंडणं, सगळं एकाच वेळी. तुमची स्किन बिचारी बदनाम होते. स्कूटीची डिक्की माझ्या टाकी कव्हरपेक्षा बरी असेल असं वाटत असेल तर दुपारी दोनला सीट उचलून आत हात घालून बघा.

तर चौथी घ्यायच्या आधी डिक्कीतली ट्यूब आणा आणि स्टीलच्या ताटलीवर थोडं दाबा, चोळू नका, नुसतं पाच मिनिटं बघा. एकजीव राहिलं तर माझी सगळी कहाणी तुमच्यासाठी फुकट, वेगळं कारण शोधा. कडेने पाणी किंवा तेल सुटलं, कण दिसले, वास बदललाय असं वाटलं, तर ती फेका. हलवून वापरायची हुशारी करू नका. काही पातळ लोशन मुळातच "शेक वेल" लिहिलेली असतात ती गोष्ट वेगळी, जेल आणि क्रीमला ते लागू नाही.

माझं आताचं असं आहे की एक ट्यूब घरी आरशाजवळ, आणि एक छोटी टिफिनच्या अस्तरवाल्या पिशवीत, थंड पाण्याच्या बाटलीला चिकटून. ती पिशवी गाडीवर लटकलेली असते तोवर ठीक, मळ्यात गेलो की माझ्याबरोबर सावलीत येते. तुमचं तर ऑफिस आहे, ड्रॉवरमध्ये ठेवा, विषय संपला. आणि एप्रिल-मे मध्ये शक्यतो ऑनलाइन मागवूच नका असं माझं मत, पार्सल टेम्पोत आणि पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किती दिवस भाजलं कोण सांगणार. मी फेब्रुवारीतच दोन घेऊन ठेवतो. दुकानातून घेताना सुद्धा काचेच्या शोकेसमध्ये उन्हाला मांडलेला पीस घेऊ नका, आतला मागा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

आता प्रमाणाचं. तेलकट चेहऱ्यावाले आपण सगळे एक चोरी करतो, हरभऱ्याएवढं घेतो. पाकिटावरचा एसपीएफ मोजतात तो चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून. म्हणजे चेहरा आणि मान मिळून एक ग्रॅमच्या वर जातं, दोन बोटांवर दोन रेघा. हिशोब करा, ५० ग्रॅमची ट्यूब, दिवसातून दोनदा, महिन्याच्या आत संपायला हवी. कोणी अभिमानाने सांगितलं ना की माझी ट्यूब आठ महिने पुरते, तर समजायचं की तो नुसता वास घेतो. एकदम सगळं लावलं की चेहरा तेलकट वाटत असेल तर अर्धं लावा, दोन मिनिटं थांबा, मग उरलेलं. मला या एका गोष्टीने खूप फरक पडला.

एसपीएफच्या आकड्यामागे पळू नका. ३० वालं यूव्हीबीतलं, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांतलं, ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. शंभरवालं घेऊन चिकट चेहरा करून घेण्यापेक्षा ५० घ्या, नीट लावा, दोन-तीन तासांनी परत लावा. ट्यूबवर "पीए" अक्षरांपुढे जी प्लसची चिन्हं असतात ती मात्र बघा, तीन तरी हवीत, चार असली तर उत्तम, कारण ते यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या किरणांचं आहे आणि ती किरणं बसच्या-गाडीच्या काचेतूनही येतात. वांग असतील तर डॉक्टरांना आयर्न ऑक्साइड असलेल्या टिंटेडबद्दल विचारा, नुसत्या उजेडाने पण वांग गडद होतात. माझ्या शेडचं नीट मिळायला वेळ लागला, पहिलं लावलं तर पोरगी म्हणाली पप्पा तुम्ही नाटकात आहात का.

दुपारी परत लावताना घामावर, धुळीवर लावू नका. नुसत्या पाण्याने तोंड धुवायचं, रुमालाने टिपायचं (पुसायचं नाही), मग लावायचं, आणि स्कार्फ बांधायच्या आधी दहा मिनिटं जाऊ द्यायची. आपल्याकडे मुली ज्या पद्धतीने स्कार्फ गुंडाळतात ना, फक्त डोळे दिसतात, ते सनस्क्रीनपेक्षा भारी आहे खरं तर, फक्त ओल्या क्रीमवर घट्ट बांधला की सगळं कापडाला जातं. केळीच्या घडाला चट्टा पडू नये म्हणून शेतकरी वाळलेल्या पानांनी झाकतो, स्कर्टिंग बॅग घालतो, तो काही घडाला क्रीम लावत बसत नाही. आधी झाका, उरलेल्या जागेला लावा.

अजून एक, याचा कोणी उल्लेख करत नाही. माझ्या पांढऱ्या बागायतदार रुमालावर नारिंगी डाग पडायला लागले. घरी संशय आला की मी बाहेर शेवभाजी हाणून येतो. बरेच दिवस बोलणी खाल्ली. नंतर कळलं की सनस्क्रीनमधला ॲव्होबेन्झोन नावाचा ऊन अडवणारा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून तसे गंजासारखे डाग पाडतो, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी. घटकांच्या यादीत हे नाव असेल तर पांढरे कपडे सांभाळा. त्या घटकाने माझे डोळे पण जास्त चुरचुरायचे, हा माझा अनुभव, सगळ्यांना होईलच असं नाही. टिनोसॉर्ब, युविनल अशी नावं असलेली मला बरी पडली. झिंक ऑक्साइडवाली सौम्य असतात पण आपल्या रंगावर पांढरट दिसतात, शेतात भुतासारखं फिरायची तयारी असेल तर घ्या.

आणि कृपा करून, मेडिकलवाल्याने "हे लावा ताई, तेल पण कमी आणि रंग पण उजळेल" म्हणून कसली बारकी ट्यूब हातात दिली तर मागची बाजू वाचा. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असं तिन्ही दिसलं तर ते सनस्क्रीन नाही, स्टेरॉइडवालं औषध आहे. चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने लग्नाआधी चार महिने लावलं, चेहरा असा लाल आणि नाजूक झाला की चुलीसमोर उभं राहवेना. तिचं अजून चालू आहे डॉक्टरांकडे.

फेसवॉश, मॉइश्चरायझर वगैरे तुम्हाला माहितीच असेल, ते लिहीत नाही. पुरळ खूप असेल, गोळ्या चालू असतील, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

ताटलीवर काय दिसलं ते इथे सांगा. आणि ट्यूब फेकायच्या आधी बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा, तक्रार केलीत तर ते पहिल्यांदा तोच मागणार.