आधी खुर्दा मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं, हातानं लिहिलेली, शेवटच्या पानावर अक्षर तिरकं होत गेलेलं. रात्र जागून लिहिलं असणार. तुझ्या आजोबांना मी शेवटपर्यंत 'आपण' म्हणत आलो. माझे वडील तुमच्या वाड्यावर खासगीकडे कारकून होते, आणि मी लेफ्टनंट कर्नल होऊन गावी परतलो तरी देवडीशी आलो की माझी पाठ आपोआप वाकायची. तुला 'तू' म्हणतो ते तूच भांडून म्हणायला लावलंस म्हणून. हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो, पुढे लागणार आहे.

देशसेवा, भाग्य, आकाश वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला कळत नसतं तर नाशिकच्या उन्हात चेकलिस्ट घोकत बसला नसतास. तुझा पेच वेगळा आहे. पुढे अटॅक हेलिकॉप्टरकडे जायची इच्छा आहे. आईसाहेब म्हणतात, एकुलता एक आहेस, घराण्याचं काय? कोर्समधली पोरं म्हणतात, युवराज फोटोपुरते आलेत. आणि मधेच तू इंग्लंडच्या हॅरीबद्दल वाचत बसलास आणि मला विचारतोस, राजघराण्यातल्या माणसानं लढाऊ हेलिकॉप्टर उडवून जीव धोक्यात घालावा का?

तरुणपणी या प्रश्नावर मी मेसमध्ये अर्धा तास भाषण ठोकलं असतं. आता तो ऐकला की चिडचिड होते, कारण त्यात जीव एकच मोजलेला असतो.

पानिपतची खबर घेऊन आलेली ती सावकारी चिठ्ठी तुझ्या आजोबांना पाठ होती. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, खुर्दा म्हणजे चिल्लर, साधे शिपाई. लहानपणी मला त्या मोत्यांचं रडू यायचं. आता 'गणती नाही' या दोन शब्दांचं येतं. माझे वडील खुर्दा, मी खुर्दा. तेव्हा माझ्याकडे तुला द्यायला एकच गोष्ट आहे, ती कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: मोत्याच्या आधी खुर्दा मोज.

१८७९ सालचं बघ. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनचा मुलगा, २३ वर्षांचा, इंग्रजांच्या फौजेबरोबर झुलू युद्धात गेला. खरं तर त्याला नुसतं बघायला नेलं होतं. हट्टानं टेहळणीच्या छोट्या तुकडीत शिरला. १ जूनला झुलूंनी गाठलं, घोडा उधळला, चढताना हातात धरलेला खोगिराचा पट्टा तुटला आणि पोरगा मारला गेला. सगळ्या युरोपनं शोक केला. त्याच झटापटीत दोन साधे शिपाई आणि त्यांचा झुलू वाटाड्या मेला. आणि जो लेफ्टनंट कॅरी वाचला, त्याला कोर्ट मार्शलला उभं केलं. शिक्षा पुढे रद्द झाली, पण राजपुत्राला सोडून पळालेला माणूस हा शिक्का त्याच्या कपाळावरून गेला नाही. मोत्याशेजारी उभं राहणाऱ्याला मरूनही किंमत नाही आणि जगूनही माफी नाही.

दुसऱ्या महायुद्धातही तेच. इंग्लंडच्या राजाचा सख्खा भाऊ, ड्यूक ऑफ केंट, ऑगस्ट १९४२ मध्ये आइसलंडला निघाला असताना त्याचं सुंदरलँड विमान स्कॉटलंडच्या डोंगरावर आदळलं. विमानात पंधरा माणसं, गेली चौदा. बाकी तेरांपैकी एकाचं नाव सांग बघू. मलाही येत नाही.

आता हॅरी. तू त्याच्या शौर्यात आणि बदनामीत अडकलास, म्हणून २००७ कडे तुझं लक्षच गेलं नाही. त्या वर्षी त्याची तुकडी इराकला निघाली होती आणि हा चिलखती गाड्यांच्या एका ट्रूपचा प्रमुख. मे महिन्यात लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी त्याचं जाणं रद्द केलं. कारण काय दिलं? धमक्या नेमक्या आहेत, आणि त्यांचा धोका याच्याइतकाच याच्या आजूबाजूच्या सैनिकांना आहे. एका सेनापतीनं उघडपणे खुर्दा मोजला. हॅरी त्या वेळी फार चिडला होता म्हणतात. चिडू दे. त्या गाड्यांत बसणाऱ्या पोरांच्या आयांना विचारा.

मग डिसेंबरात त्याला गुपचूप अफगाणिस्तानात हेल्मंडला पाठवलं, विमानांना लक्ष्य दाखवणाऱ्या फॉरवर्ड एअर कंट्रोलरच्या कामावर. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. परदेशात बातमी फुटली आणि दहा आठवड्यांत त्याला परत आणावं लागलं.

त्यानंतर अपाची हे अटॅक हेलिकॉप्टर. ही निवड कोणाची ते सोड, पण हुशारीची होती. जमिनीवरच्या तुकडीत राजपुत्र असला की शत्रूला गस्त हेरता येते, गाडी हेरता येते. अपाचीच्या काचेआड हेल्मेट आणि उजव्या डोळ्यापुढची ती छोटी काच, बस. पुढच्या सीटवर कोण हे खालच्याला कळायचं कारण नाही. मागं पायलट, पुढं को-पायलट गनर, तोफ त्याच्या मानेबरोबर वळते. हॅरी पुढच्या सीटवरचा. सप्टेंबर २०१२ ते जानेवारी २०१३ तो हेल्मंडमधल्या कॅम्प बॅस्टन तळावर होता, आणि या वेळी लपवाछपवी न करता गेला. तो आल्याचं कळताच तालिबाननं जाहीर केलं की आम्ही त्याला मारू नाहीतर पळवू. त्याला पोचून आठवडा होतो न होतो, तोच १४ तारखेच्या रात्री अमेरिकी गणवेशातले पंधरा हल्लेखोर कुंपण कापून तळात घुसले. दोन अमेरिकी मरीन मेले, सहा हॅरियर विमानं जळाली. हॅरीला ओरखडाही नाही. हल्ला त्याच्यासाठीच झाला असं मी म्हणणार नाही, एवढी तयारी आठवड्यात होत नसते. पण त्या दोन मरीनच्या घरी 'राजपुत्र सुखरूप' ही बातमी कशी वाचली असेल, याचा तू एकदा विचार कर.

म्हणजे जाऊ नये का? थांब. १९८२ मध्ये फॉकलंडला ब्रिटिश आरमार निघालं तेव्हा राजपुत्र अँड्र्यू बावीस वर्षांचा, 'इन्व्हिन्सिबल' जहाजावर सी किंग हेलिकॉप्टरचा को-पायलट. मंत्र्यांना वाटत होतं याला एखाद्या टेबलावर बसवावं. राणी म्हणाली, तो जहाजाबरोबर जाईल. त्याच्या कामांत एक काम असं होतं की एक्झोसेट क्षेपणास्त्र आलं तर ते जहाजाऐवजी आपल्या हेलिकॉप्टरकडे ओढायचं आणि ऐन वेळी वर निसटायचं. आमिष व्हायचं! राणीचा मुलगा, आणि काम बांधलेल्या बोकडाचं. म्हातारीला हिशोब कळत होता. आपला मुलगा काढून घेतला तर त्या सीटवर दुसऱ्या कोणाचा तरी बसणारच, सीट काही रिकामी राहत नाही. (पुढे त्या अँड्र्यूनं जे रंग उधळले त्यावर मला बोलायचं नाही. २०२२ मध्ये त्याची मानद लष्करी पदं काढून घेतली. युद्धातलं उड्डाण हा चारित्र्याचा दाखला नसतो, हे आम्ही मेसमध्ये पुष्कळ पाहिलंय.)

सीट रिकामी राहत नाही. आता माझं ऐक.

उत्तरेकडच्या एका उंच भागात मी फ्लाइट कमांडर होतो. दोन चीता हेलिकॉप्टरं, मोजके पायलट. त्यातला एक कॅप्टन फार मोठ्या घरातला. कोणतं घर ते तू विचारू नकोस. पोरगा चांगला, हात हलका. एका सकाळी वरच्या चौकीवरून जखमी जवान आणायचा निरोप आला. वारा पडलेला, पण हेलिपॅडवर ताजा भुसभुशीत बर्फ. रोस्टरवर पाळी त्या कॅप्टनची. मी पेन्सिलीनं लिहिलेलं त्याचं नाव खोडलं आणि एका शाळामास्तरांच्या मुलाचं लिहिलं.

मला कोणाचा फोन आला नव्हता. कोणी सुचवलं नव्हतं. फोन आला असता तर निदान 'नाही' म्हणायची संधी मिळाली असती. देवडीशी वाकणारी माझी पाठच तेवढी वाकली, त्या उंचीवर, आपण होऊन.

उतरताना रोटरच्या वाऱ्यानं बर्फ उसळला, सगळं पांढरं झालं, जमीन दिसेना. हार्ड लँडिंग. मशिन आडवं झालं नाही हेच नशीब. जखमी जवानाला दुसऱ्या चीतानं आणलं, तो वाचला. मास्तरांच्या मुलाच्या मणक्याला मार बसला, त्यानंतर त्यानं कधी उड्डाण केलं नाही. रात्री तो मोठ्या घरातला कॅप्टन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझं नाव का खोडलं?" मी सांगितलं, त्या हेलिपॅडवरचे तास त्याचे तुझ्यापेक्षा जास्त होते. ते खरं होतं. लॉगबुक काढून बघ, आजही खरं आहे. त्या जागी कुठलाही फ्लाइट कमांडर असता तर त्यानं अनुभवी माणूसच पाठवला असता, आणि चौकशीतही माझ्यावर काही ठेवलं नाही. हे मी बायकोला सांगितलं, बदलीच्या प्रत्येक ठिकाणी स्वतःला सांगितलं. आणि बघ, आता तुलाही सांगतोय.

त्या मोठ्या घरातल्या पोराचंही मी भलं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कोणी काही बोलत नव्हतं, पण त्याच्याबरोबर उडायचं म्हटलं की पोरं उगाच हवामान विचारायची.

म्हणून तुझ्या आईसाहेबांचा प्रश्न मला पटत नाही, आणि कोर्समधल्या पोरांचाही नाही. दोघंही तुलाच मोजतात. हॅरीच्या थोरल्या भावाचं, विल्यमचं उदाहरण तू दिलंस, की गादीचा वारस म्हणून त्याला लढाईपासून दूर ठेवलं. ठेवलं, बरोबर आहे. त्यानं वेल्समधल्या तळावरून सी किंगवर शोध आणि बचावाचं काम केलं, १५६ मोहिमा, १४९ माणसं वाचवली. खराब हवेत समुद्रावर तरंगत माणूस दोरीनं उचलणं ही काही वाड्यावरची शिकार नव्हे. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तिथं त्याच्यामुळे क्रूवर जादा संकट येत नव्हतं, एवढंच मला पुरतं. पहिल्या महायुद्धात त्याच्या खापरपणजोबांच्या थोरल्या मुलाला, एडवर्डला, युद्धमंत्री किचनरनं हेच सांगितलं होतं: तू मेलास तर एक वेळ चालेल, पकडला गेलास तर चालणार नाही. हेलिकॉप्टर शत्रूच्या मुलखात पडलं आणि आत राजपुत्र असला तर त्याला सोडवायला किती मशिनं, किती माणसं जातील? त्यातली किती परततील? ती मोज.

तू राजपुत्र नाहीस, हेही स्पष्ट सांगतो. गावात 'सरकार' म्हणतात ते प्रेमानं. जयपूरचे भवानीसिंग महाराज १० पॅरा कमांडोचे कमांडिंग ऑफिसर होते. डिसेंबर १९७१ मध्ये जीपगाड्या घेऊन सिंधमध्ये खोल घुसून चाचरोवर धाड घातली, महावीरचक्र मिळालं. त्याच महिन्यात २६वी घटनादुरुस्ती आली आणि पदव्या आणि तनखे गेले. पण १९५१ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट म्हणून लागले होते. वीस वर्षं पलटणीत घासल्यावर त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसणाऱ्याला पलीकडे महाराज बसलेत की सीओसाहेब, हा प्रश्न पडत नसणार. तुला दोन वर्षं झाली नाहीत आणि तू कोर्समधल्या पोरांच्या टोमण्यांवर चार पानं लिहितोस!

आणि गेलासच, लढलास, तर नंतर तोंड आवर. हॅरीनं २०२३ मध्ये आत्मचरित्रात आकडा लिहिला, आपल्या हातून २५ मेले, आणि ते पटावरच्या सोंगट्यांसारखे वाटले. त्याच्याच देशातल्या जुन्या अधिकाऱ्यांनी डोक्याला हात लावला. अपाचीच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं जातं, आकडा कळतो, मान्य. पण तो छापला की त्याचा सूड त्याच्या एकट्यावर थोडाच निघतो? ज्याला अंगरक्षक नाही अशा कुठल्यातरी शिपायावर निघू शकतो. पुन्हा तोच खुर्दा. आणि ते २५ जण हाही कोणाच्या तरी घरचा खुर्दाच होता, हे मी म्हातारपणी म्हणतो. नोकरीत असताना म्हटलं नसतं.

काय करायचं ते सांगतो. नाव दे. मिळालं तर जा. पण तुझ्या फ्लाइट कमांडरच्या टेबलावरचं रोस्टर रोज सकाळी स्वतः बघ. तुझं नाव खोडलेलं दिसलं तर त्याच वेळी, सगळ्यांसमोर, कारण विचार. रात्री तंबूत जाऊन विचारू नकोस, तेव्हा उशीर झालेला असतो. खोडण्यात अनुभवाचं कारण असेल तर मान खाली घालून ऐक. आडनावाचं असेल तर भांड. आणि तीनदा भांडूनही ते खोडतच राहिले, तर अटॅक हेलिकॉप्टर सोड, कारण मग तू तिथं असल्यानं रोज दुसरं कोणीतरी तुझ्या वाट्याचं उडतंय. आईसाहेबांना हे पत्र दाखवू नकोस. दाखवलंस तर त्या मला कारकुनाचा मुलगा म्हणतील, आणि ते खरंच आहे.

तुझं पत्र आल्यावर मी मास्तरांच्या मुलाला फोन केला. तालुक्याच्या गावी त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. दर दिवाळीला बोलतो, पण रोस्टरचं मी कधी काढलं नव्हतं. या वेळी काढलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला त्याच सकाळी कळलं होतं. पेन्सिल खोडली तरी खालचं दिसतंच की." आणि मग त्यानं विचारलं, आमच्याकडे पाऊस झाला का.

कळावे, लोभ असावा.